पाच मोजेपर्यंतचे पाणी

आई,

आमच्या वसतिगृहात कपडे धुण्याचे यंत्र आले आहे. मागच्या पडवीत, जिथे पूर्वी धुण्याचा दगड होता, तिथेच ते बसवले आहे. त्याच्या तोंडावर एक गोल चकती आहे आणि चकतीभोवती थंड, तीस, चाळीस, साठ, नव्वद असे लिहिलेले आहे. मुली चकती फिरवून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. जोयड्याला येऊन मला चार वर्षे झाली. शाळेत मी मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात या मुलींच्या वसतिगृहावर देखरेख ठेवते. कोणते कपडे किती अंशांवर धुवावेत याची सूचना लिहून भिंतीवर लावण्याचे काम अधीक्षकबाईंनी माझ्याकडे दिले. "तुम्ही शाळेत कायम पहिल्या यायच्या म्हणे. चार ओळी लिहायला तुम्हाला किती वेळ लागणार?" असे त्या म्हणाल्या. आज अकरावा दिवस आहे. कागद कोराच आहे, आणि त्यावर लिहायचे सोडून मी तुला लिहीत बसले आहे.

तुझ्याकडे चकती नव्हती, उजव्या हाताचे मधले बोट होते. कॅसलरॉकच्या आपल्या घरामागे फणसाखाली तीन दगडांच्या चुलीवर तो काळाकुट्ट तांब्याचा हंडा चढवलेला असे. रेल्वेतून उतरून जंगल बघायला येणारी माणसे वरच्या वळणावरच्या पाहुणेघरात दोन दिवस राहत, आणि ती गेली की त्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे गाठोडे आपल्या दारात येई. तू हंड्यातले कढत पाणी बादलीत घेतेस, त्यावर विहिरीचे थंड पाणी सोडतेस, आणि मग पदराला हात पुसून बोट बुडवतेस, जणू पाण्याला भेटायला जाताना हात स्वच्छ असायला हवा. रंगीत साड्या, परकर, बाबांचे सदरे यांना बोटाला नुसते बरे वाटेल असे पाणी. चादरी, अभ्रे आणि आतले सुती कपडे यांना पाच मोजेपर्यंत बोट राहील आणि सहाला काढावेच लागेल असे पाणी. आजाऱ्याचे कपडे आणि स्वयंपाकघरातली फडकी यांच्या पाण्याला बोट लावायचेच नाही, ती सरळ हंड्यात उकळायची. आणि रक्ताच्या डागाला विहिरीतून नुकतेच काढलेले थंड पाणी. एवढेच तुझे शास्त्र होते. ते तू कोणाकडून शिकलीस हे मी कधी विचारले नाही. तेव्हा मला वाटत असे की विचारण्यासारख्या गोष्टी फक्त पुस्तकात असतात.

डागाचा नियम मला उशिरा समजला. बारा वर्षांची असताना मी माझे कपडे तुझ्या नकळत धुतले, तेही चांगल्या कढत पाण्याने, कारण जास्त गरम म्हणजे जास्त स्वच्छ असा माझा तर्क होता. मग ते दाराआड, जुन्या टॉवेलखाली वाळत घातले. आपल्याकडचा पावसाळा तुला वेगळा सांगायला नको. तिसऱ्या दिवशी तू टॉवेल उचललास.

"हे काय गे? ओलंच हाय की अजून."

"वाळलंय," मी म्हटले.

"वाळलंय? कुबट वास मारालंय. आणि डागावर गरम पाणी घातलीस न्हवं? आता ह्यो डाग जन्माचा पक्का झाला. रगतावर गरम पाणी घालत न्हाईत, शिजतंय ते."

मी मान वर केली नाही. बाहेर दोरीवर घालायची मला लाज वाटते, हे मी भिंतीला सांगावे तसे सांगितले. तू म्हणालीस, "लाज कुणाची? उनाची? ऊन काय गावभर सांगत सुटतंय व्हय?" आणि उघडीप मिळाली त्या दिवशी तू फणसापासून मागच्या भिंतीपर्यंत नवी दोरी बांधलीस. दोरीच्या दोन्ही टोकांना तुझे परकर पसरलेस आणि मधली वीतभर जागा मला दाखवलीस. "मधी तुझं घाल. दोन्हीकडनं माझं हाय. कुणाला बघायचंच असलं तर माझं बघूंदेत." मी हसले, आणि तूही हसलीस. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणालीस, "आतल्या कपड्याला आपलं सगळं म्हाईत असतंय गे. त्येला चांगलं पाणी द्यायचं, चांगलं ऊन द्यायचं." इतकी वर्षे मी पुस्तके वाचते आहे, आणि शरीराविषयी इतके सभ्य वाक्य मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत शास्त्राच्या सरांनी मला प्रयोगशाळेतला तापमापक घरी न्यायला दिला होता. सुट्टीत काहीतरी मोजून आण, असे ते म्हणाले. बाकीच्या मुलांनी हवेचे तापमान मोजले. मी तुझे बोट मोजायचे ठरवले. तू बोट बुडवून मोजायचीस आणि मी शेजारी काचेची नळी धरून बसायची. "ह्या कांडीला पोळतंय काय? न्हाई न्हवं? मंग तिला काय कळतंय," असे तू म्हणालीस, पण नळीतला पारा चढताना वाकून बघत राहिलीस. माझे पाच मोजणे पन्नास अंशांवर संपत होते. तुझे त्रेपन्नवर. हे तीन अंश कुठून आले, असे मी विचारले. तू माझे बोट दाबून बघितलेस. "तुझं अजून कवळं हाय. पुस्तकं उलटून काय घट्टे पडत न्हाईत." मी निळ्या वहीत दोन रकाने आखले, एक तुझा आणि एक माझा, आणि तारखा घातल्या. सुट्टी संपल्यावर तू आठवण करून दिलीस की शाळेची वस्तू शाळेत गेली पाहिजे. सरांनी तो वर्षभर माझ्याकडेच ठेवायला सांगितला, तेव्हा तुझा विश्वास बसेना. तू शाळेच्या बाईंना बाजारात गाठून खात्री करून घेतलीस.

म्हणून मी वर्षभर लिहीत राहिले. माझा रकाना पन्नासच्या आसपास राहिला. तुझा चढत गेला. संक्रांतीला चोपन्न, शिमग्याला छप्पन्न, मिरगाच्या आधी अठ्ठावन्न. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले, खाली रेघ मारली, आणि मला त्यातून एकच अर्थ दिसला, की आईचे मोजणे चुकते आहे. "आई, तू भरभर मोजतेस," असे मी म्हणत असे, आणि तू म्हणायचीस, "मोजणारीण तू, तूच मोज." तुझ्या बोटाच्या टोकावर दोनदा फोड आलेला मी पाहिला. चुलीचा असेल, असे मला वाटले. तुलाही तसेच वाटले.

श्रावणात पाहुणेघर चालवणाऱ्या वहिनी गाठोडे घेऊन स्वतः आल्या. एका पाहुणीने चादरींबरोबर आपले चार आतले कपडे धुवायला दिले होते. ते तुझ्या माझ्या कपड्यांसारखे नाडीचे, जाड सुती नव्हते, इलॅस्टिकचे होते. तू ते चादरींच्या पाण्यात घातलेस. इलॅस्टिक सैल पडले, रंग सुटला आणि आठ अभ्रे गुलाबी झाले. वहिनी अंगणात उभ्या राहून एकेक वस्तू वर उचलून दाखवत होत्या. त्यांच्याबरोबर त्यांची जाऊ होती आणि आपल्या शेजारची काकी कुंपणापाशी आली होती. "किती कढत घालतीस गे? तुझ्या हाताला कातडं हाय का कांबळं?" तू म्हणत होतीस की पाणी नेहमीचेच होते, पाचाचेच होते, तुझे बोट वीस वर्षांत कधी चुकले नाही.

तुला माहीत आहे, चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. त्या दिवशी मात्र मी आत गेले, निळी वही आणली आणि वहिनींपुढे उघडून धरली. पाणी नेहमीचे नव्हते, ते साठ अंशांचे होते, आईचे बोट वर्षभर चुकते आहे आणि मी तिला अनेकदा सांगितले आहे, असे मी अगदी शुद्ध भाषेत म्हणाले. माझा आवाज कापला नाही. वहिनींना वहीतले काही समजले नसावे, पण त्या म्हणाल्या, "बघ, तुझ्या पोरीनंच लिवून ठेवलंय." त्या गेल्यावर तू वही हातात घेतलीस. चौथीपर्यंत शिकलेली तू, आकडे तुला वाचता येत होते. तुझ्या रकान्यावरून तू बोट खाली खाली नेलेस, आणि साठपाशी थांबलीस.

"हे सगळं कवापासनं लिवालीस?"

"दिवाळीपासून."

"बरं केलीस." वही मिटून तू माझ्या हातात दिलीस. मग हात पदराखाली घेत म्हणालीस, "पण मला आदी सांगायचं हुतं गे. माणसांत न्हाई. मला."

मी सांगितले होते, असे म्हणायला मी तोंड उघडले आणि मिटले. तू चुकतेस असे मी सांगितले होते. तुझ्या हाताला काय होते आहे, असे कधी विचारले नव्हते.

त्या दिवसानंतर तू पाण्यात स्वतःचे बोट घातले नाहीस. बादली तयार झाली की हाक यायची, "ये गे, तुझं बोट दे." मी पुस्तक पालथे ठेवून यायची. तू माझे मनगट धरायचीस, बोट पाण्यात बुडवायचीस आणि आपण दोघी मिळून मोजायचो. माझे पाच झाले की तू म्हणायचीस, "तुझ्या पाचावर एक तांब्या कढत," आणि वरून एक तांब्या कढत पाणी ओतायचीस. तेवढ्याने तुझे जुने पाणी जमायचे. मी नंतर चोरून तापमापक घालून बघितले होते. बरोबर त्रेपन्न. तुझा हात ओला असायचा, साबणाने गुळगुळीत झालेला, आणि माझ्या मनगटावर तुझी पकड जराशी जास्त घट्ट असायची. किती जोरात धरले आहे हे तुला कळत नव्हते, हे मला आज समजते. तेव्हा मला ती माया वाटे. ती मायाही होतीच. आई, मला तुझी आठवण येते ती अशी, चेहऱ्याची नव्हे. वाफेच्या मागे चेहरा कधी नीट दिसलाच नाही. माझ्या मनगटाला आठवण येते.

माघात चुलीतला निखारा तुझ्या टाचेखाली आला आणि तुला तो कळला नाही. वास आला म्हणून मी धावले. जखम वाळेना. शहरातल्या इस्पितळात साखर तपासली तेव्हा डॉक्टरांनी बाबांना विचारले, "हातापायांना बधिरपणा कधीपासून आहे?" बाबा म्हणाले, "म्हाईत न्हाई." दहावीची परीक्षा जवळ होती, माझी पिशवी माझ्या मांडीवर होती, आणि पिशवीत शास्त्राच्या पुस्तकाखाली निळी वही होती. तारीखवार, दोन रकान्यांत, माझ्या सुंदर अक्षरात. मी गप्प राहिले. बोलले असते तरी तेव्हा काही बदलणार नव्हते, हे नंतर मला एका डॉक्टरीणबाईंनी समजावले. दिवाळीला बोलले असते तर काय, हे मी त्यांना विचारले नाही. तू गेलीस त्याला तेरा वर्षे झाली. परीक्षेत मी शाळेत पहिली आले. वहिनींनी पेढे पाठवले आणि सोबत ते आठ गुलाबी अभ्रे, घरात वापरा म्हणून. त्यातला एक अजून माझ्या उशीला आहे. मी तो चाळीसच्या पाण्यात धुते.

आता हा कागद का अडला ते सांगते. यंत्र आले त्याच आठवड्यात, तुझे पाच मुलींना समजावे म्हणून मी बादलीत कढत आणि थंड पाणी मिसळले, तापमापक लावून ते बरोबर त्रेपन्नवर आणले आणि मुलींना एकेक बोट घालायला सांगितले. कोणी तिनाला काढले, कोणी चाराला. स्वयंपाकाच्या मावशी हात पुसत बाहेर आल्या. त्या नंदिगड्ड्याकडच्या, वसतिगृहात आल्यापासून पन्नास मुलींच्या भाकऱ्या थापत आल्या आहेत. "काय खेळ मांडलाय बायांनी?" म्हणत त्यांनी बोट घातले. मुली मोजू लागल्या. पाच झाले, आठ झाले, बारा झाले. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्येला गरम म्हणालाय व्हय तुम्ही?"

"मावशींचं बोट सांडशीचं आहे," एक मुलगी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या. मी काही बोलले नाही, आणि आई, या वेळी ते बुजरेपणाने नव्हते. मुली जेवायला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि मावशींच्या शेजारी बसून लसूण सोलू लागले. हाताला काही कळेनासे झाले आहे का, असे मी हळूच विचारले.

"भाकरी थापून हात असाच हुतोय. तुमचं काय तरीच."

"होतो. माझ्या आईचाही तसाच झाला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितले, मग पुन्हा लसणीकडे. आणखी दोन पाकळ्या सोलून म्हणाल्या, "हाताचं सोडा. चप्पल पायातनं कवा निसटती त्ये कळत न्हाई बघा. परवा बाजारातनं एकाच चपलीवर आलो."

तूही एकदा विहिरीवरून एकाच चपलेवर आली होतीस. आपण दोघी पोट धरून हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी मावशींना दवाखान्यात नेले. वाटभर त्या कुरकुरत होत्या, की साडेदहाला डाळ कोण लावणार, आणि बाईमाणसाने असल्या कारणासाठी दवाखान्यात जायचे म्हणजे काय. साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरांनी टाचणीने पायाला टोचून बघितले, काही ठिकाणी मावशींना कळले, काही ठिकाणी नाही. वेळेत आलात, असे ते म्हणाले. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, कधीपासून? मावशींनी माझ्याकडे बघितले. "मला कालपासून माहीत आहे," मी म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या आहेत. चुलीपाशी त्या आता जाड तळाच्या चपला घालतात आणि मला रोज एकदा तरी शिव्या देतात, कारण मी चहात साखर घालू देत नाही.

सूचना आता लिहिता येईल असे वाटते. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात, ताबडतोब. रंगीत, इलॅस्टिकचे आणि नाजूक आतले कपडे चाळीसवर, उलटे करून. जाड सुती आतले कपडे, चादरी, अभ्रे, टॉवेल साठवर. आजारी मुलीचे सुती कपडे आणि स्वयंपाकघरातली फडकी नव्वदवर. सगळे कपडे बाहेर, उन्हात, दोरीवर वाळत घालावेत, टॉवेलखाली लपवू नयेत. आणि शेवटी एक ओळ, जी अधीक्षकबाई कदाचित खोडतील: घरी गेल्यावर आईला कोमट पाण्यात बोट घालून विचारावे, लागते का. खाली हेच सगळे कन्नडमध्ये लिहीन. दोरी मी कालच बांधली आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना माझे दोन परकर वाळत आहेत. मधली जागा दुपारपर्यंत रिकामी होती. संध्याकाळी बघितले तर भरली होती.

हे पत्र मी निळ्या वहीत, दोन रकान्यांच्या पुढच्या कोऱ्या पानात ठेवणार आहे. पण एक गोष्ट त्या वहीत चुकीची आहे, ती तुला सांगायला हवी. तू माझे मनगट धरत होतीस त्या महिन्यांतले माझे आकडे खरे नाहीत. बोट लाल व्हायचे, तरी मी ते काढत नसे. तू एकदा म्हणालीही होतीस, "किती सावकाश मोजालीस गे, पाणी निवंल की." मी म्हटले, नीट मोजते आहे. नीट मोजत नव्हते, आई. चार झाल्यावर मी थांबत असे. पाच म्हटले की तू हात सोडायचीस.